उजव्या हातातल्या चार बांगड्या

भाऊच्या धक्क्यावर उभं राहिलं की घारापुरीच्या मागे किनाऱ्याची एक निळसर रेघ दिसते. तिथे न्हावा आहे. सरळ पाण्यावरून मोजलं तर मुंबईपासून सात-आठ मैलांपलीकडे अंतर भरणार नाही. तरीही आमच्या गिरगावात न्हाव्याला जाऊन आलेला दुसरा माणूस मला अजून भेटायचा आहे. लोक काश्मीरला जातात, अक्रोडाच्या लाकडाची पेटी आणतात आणि पुढची दोन वर्षं ती पेटी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. समोरच्या किनाऱ्याला जायला मात्र कुणाला सवड नसते. मी यंदाच्या माघात पुन्हा जाऊन आलो. बरोबर माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ मधुकर होता. तो नसता तर प्रवास जास्त चांगला झाला असता, पण तो नसता तर मी माघात गेलोही नसतो.

मधुकर फोटोग्राफर आहे. दादरला त्याचा स्टुडिओ आहे आणि लग्नाळू मुलींचे फोटो काढून त्याचं उत्तम चालतं. रंग उजळ दाखवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण एवढ्यावर त्याचं समाधान नाही. दिल्लीत कुठलंसं प्रदर्शन भरणार होतं, विषय होता 'कुटुंबाचं रोजचं जीवन'. तेव्हापासून आमच्याकडे जेवायला आला की त्याच्या तोंडी 'सहज' हा एकच शब्द असे. आपले लोक कॅमेऱ्यापुढे सहज राहत नाहीत, शहरात सहजता उरलेली नाही, वगैरे. मी मिठाच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहे. शेव्याच्या मिठागरांवर वजनं बघायला वर्षातून दोनदा तरी जातो, आणि तिथून जवळ न्हाव्याच्या कोळीवाड्यात चांगुणाबाईंच्या घरी उतरतो. हे मधुकरला आठवलं. "भावोजी, मला तुमचे ते कोळी दाखवा," म्हणाला. जणू मी ते पाळले होते.

मोरा बंदर आणि पुढे

लाँच सकाळची होती. मधुकरच्या सामानात कॅमेरा, तिपाई आणि एक पत्र्याची ट्रंक होती. ट्रंकेत काय आहे हे मी मोऱ्याला उतरेपर्यंत विचारलं नाही. तिथून न्हाव्याला जायला होडी ठरवली, तेव्हा होडीवाल्यानं ट्रंक उचलून तिकडच्या बोलीत, जिथे 'यात'चं 'यान' आणि 'होडी'ची 'होरी' होते, विचारलं, "यान कं हाय, भांडी?" खरोखरच भांडी होती. पितळेचा एक तांब्या, एक समई, नक्षीचा एक पाट, खोटी नथ आणि हिरव्या काचेच्या बांगड्यांचा एक डबा. कोळ्यांचं सहज जीवन टिपायला निघालेला हा माणूस ते जीवन घरून भरून घेऊन चालला होता. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "फ्रेममध्ये काहीतरी लागतं, भावोजी."

न्हाव्याला धक्का आहे, पण पाणी उतरलेलं असलं तर होडी तिथवर पोचत नाही. शेवटचं अंतर चिखलातून चालावं लागतं. खाडीचा चिखल म्हणजे आपल्या रस्त्यावरचा चिखल नव्हे. तो लोण्यासारखा मऊ असतो आणि पाय धरून ठेवतो. मी धोतर वर खोचलं, वहाणा हातात घेतल्या आणि होडीवाल्याच्या पावलात पाऊल टाकत गेलो. मधुकरनं बूट काढायला नकार दिला. मध्यावर त्याचा एक बूट आत राहिला. होडीवाल्यानं खांद्यापर्यंत हात घालून तो शोधला, पण मिळाला नाही. पुढचे तीन दिवस दिल्लीच्या प्रदर्शनाचा कलाकार कोळीवाड्यात अनवाणी फिरला. त्या तीन दिवसांत त्यानं सहजपणे केलेली तेवढी एकच गोष्ट.

चांगुणाबाईंचं घर

घरात माणसं तीन. चांगुणाबाई साठीच्या आसपासच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या. रोज डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उरणच्या बाजाराला जातात. त्यांचा मुलगा काशिनाथ, पंचविशीचा, स्वतःची होडी असलेला. आणि सून जना. तिला या घरात येऊन अजून वर्ष झालं नव्हतं. ती दिवाळ्याची, बेलापूरच्या बाजूची. बोलायची कमी, पण बघायची सगळं.

आम्ही येणार हे मी आधी कळवलं होतं. ही माझी चूक झाली असं मधुकरचं मत पडलं, कारण घर आमच्यासाठी सजलं होतं. भिंतीवर एक घड्याळ होतं, जे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ते शेजाऱ्यांकडून आणलेलं आणि बंद होतं. काशिनाथनं लग्नातला कोट घातला होता. मधुकरनं घड्याळ उतरवलं आणि त्या जागी खिळ्याला जाळं अडकवलं. चांगुणाबाईंनी ते जाळं काढून घड्याळ परत लावलं. असं दोनदा झालं.

"बाई, मला तुमचं रोजचं घर हवंय," मधुकर म्हणाला.

"मंग रोज येत जा," चांगुणाबाई म्हणाल्या. "पाव्हना आयला त्या दिशी रोजचं घर कसं असल?"

मला हे पटलं. मधुकरला पटलं नाही. घरात मूल नाही म्हटल्यावर तर तो फारच हिरमुसला. कुटुंब म्हटलं की मूल पाहिजे, असा दिल्लीवाल्यांचा समज असावा. त्यानं शेजारच्या गोमाबाईचा नातू मागून आणला आणि जनाच्या मांडीवर ठेवला. नातू रडायला लागला. गोमाबाई दारातून बघत म्हणाली, "मानसं फोटू काढायला येतात, मूल करायला नवरा लागतो हे त्यांना कुनी सांगलं नाय काय?" सगळे हसले. मधुकरनं नातू परत केला.

जेवायला तांदळाची भाकरी, ओल्या जवळ्याचं कालवण आणि तळलेल्या निवट्या होत्या. निवटी चिखलात उड्या मारणारी बोटभर मासळी, गिरगावच्या बाजारात हिला कुणी विचारत नाही. आमच्या घरी माशाला नारळ आणि कोकमात बुडवून त्याची चव झाकायची पद्धत आहे. इथे मीठ, हळद, मिरची आणि लसूण, संपलं. मी पाच भाकऱ्या खाल्ल्या. मधुकरनं ट्रंकेतून काढलेला नक्षीचा पाट मांडून त्यावर ताट ठेवलं, त्याचा फोटो काढला आणि मग गार झालेली भाकरी खाल्ली.

दुपारी जना ओसरीवर मासळी निवडत होती. मधुकर कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "वहिनींच्या डाव्या हातात बांगड्या आहेत, उजवा हात रिकामा का?"

उत्तर चांगुणाबाईंनी दिलं. "त्यो हात दर्याचा हाय. लगनान उजव्या हाताच्या बांगड्या काढून दर्याला देतात. मंग त्या हातान परत बांगडी घालाची नाय. दर्या नवऱ्याला सांभालतो, आनि बाय त्याची बांगडी मागं घेत नाय."

"म्हणजे कायम एकच हात?"

"नवरा हाय तवर एक. डावाबी रिकामा झाला म्हंजे समजायचं."

आमच्याकडे सवाष्णीनं एक मनगट उघडं ठेवलं तर चाळीतल्या बायका चौकशीला येतील. इथे उघडं मनगट हीच सवाष्णीची खूण. समुद्र बांगड्या मोजतो यावर माझा विश्वास नाही. पण एकदा दिलेली वस्तू आयुष्यभर मागे घ्यायची नाही, हा व्यवहार मला चोख वाटला. गिरगावात अहेर परत मागणारे लोक मला माहीत आहेत.

मधुकर म्हणाला, "फ्रेम एका बाजूला कलते." आणि त्यानं तो विषय सोडला, असं मला वाटलं.

काशिनाथ निघतो

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला उजाडायच्या सुमारास भरती पूर्ण असते. कोळी ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि दुपारनंतरच्या भरतीबरोबर घरी येतात. वल्ह्यांचा आणि शिडांचा हा धंदा आहे, पाण्याविरुद्ध जाऊन चालत नाही. पाणी उतरायला लागलं की ठरावीक वेळात खाडीचं तोंड ओलांडावं लागतं, नाहीतर बाहेर चिखलाचा जो लांब पट्टा आहे त्यावर होडी बसते. मिठागरावरही पाण्याचं हेच गणित असतं, म्हणून मला ते माहीत आहे. मधुकरला मी ते आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यानं ऐकलंही होतं.

पहाटे सगळ्या होड्या निघाल्या. काशिनाथ आणि त्याच्या होडीवरचे दोन चुलतभाऊ निघाले, तेव्हा मधुकर म्हणाला, उजेड कमी आहे, सूर्य वर येऊ द्या. सूर्य वर आला. काशिनाथनं होडी ढकलली. मधुकर म्हणाला, तू कॅमेऱ्याकडे बघितलंस, सहज ढकल. त्यानं पुन्हा ढकलली. मग शिडाची सावली जनाच्या तोंडावर आली, म्हणून तिला दुसरीकडे उभं करून होडी परत किनाऱ्याला ओढली. काशिनाथही काही कमी नव्हता. दर खेपेला तो केसांवरून ओला हात फिरवत होता. धक्क्यावर बसलेला एक म्हातारा ओरडला, "अरं काशा, पानी काय तुज्या फोटूसाठी थांबनार हाय? बाकीच्यांची शिडं बघ कुठं गेली."

"आयलोच, काका," काशिनाथ म्हणाला आणि चौथ्यांदा सहज ढकलायला लागला.

तो खरा निघाला तेव्हा बाकीच्या होड्या घारापुरीच्या बाजूला ठिपक्यांएवढ्या झाल्या होत्या आणि धक्क्याच्या पायऱ्यांवरचा ओला चिखल उघडा पडला होता. चांगुणाबाई पाटी घेऊन उरणला गेल्या. मी शेव्याला निघालो. मधुकर म्हणाला तो घरीच थांबेल, दुपारचा उजेड ओसरीवर चांगला येतो.

शेवा

शेव्याच्या मिठागरांबद्दल फार लिहीत नाही, माझं रोजचं काम तेच आहे. पण न पाहिलेल्यांसाठी एवढं सांगतो, की माघातल्या उन्हात त्या पांढऱ्या राशींकडे सरळ बघता येत नाही, डोळ्यांना पाणी येतं. आगरी बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन बांधावरून रांगेनं जातात. त्यांचे पाय मिठानं फुटलेले असतात आणि त्या सतत कुणाची तरी थट्टा करत असतात. मधुकरला हे दाखवावं असं मनात आलं. मग वाटलं, तो मीठ ट्रंकेतून काढेल.

तिथल्या मुकादमाबरोबर चहा घेतला, चहात मीठ होतं. तक्रार केली तर तो म्हणाला, "मेताजी, आमच्या विहिरीत साखर नाय." मिठागरावर हिशेब ठेवणाऱ्याला मेता म्हणतात, म्हणून या किनाऱ्यावर मी सगळ्यांचा मेताजी.

दुपार

मी परतलो तेव्हा जना घराच्या मागे बादलीपाशी बसली होती. उजवा हात पदराखाली. मधुकर आत कॅमेरा पुसत होता आणि माझ्याशी उरणच्या हवेबद्दल बोलायला लागला. हवेबद्दल तो कधी बोलत नाही. मी मागे जाऊन जनाला विचारलं, "हाताला लागलं काय?"

तिनं पदर बाजूला केला. उजव्या मनगटात चार हिरव्या बांगड्या होत्या.

घडलं ते असं. मधुकरनं तिला सांगितलं होतं, एकच फोटो, एक क्षण, कुणाला कळणार नाही, आणि तो फोटो दिल्लीला मोठा करून लावतील. ती विशीच्या आतली पोर. मोठा फोटो कसा असतो हे तिनं कधी बघितलं नव्हतं. साबण लावून तिनं त्या घातल्या. फोटो झाला. बांगड्या निघेनात. मधुकरनं त्या आणल्या होत्या आपल्या बायकोच्या मापाच्या. माझ्या मेहुण्याची बायको नाजूक आहे, तिला सव्वादोनची बांगडी लागते. वल्ही, पाट्या आणि मासळी उचलणाऱ्या जनाच्या हाताला अडीचचीही घट्ट झाली असती. बांगडीचं माप न बघता बांगडी आणणारा माणूस कॅमेऱ्याची मापं दिवसभर सांगत असतो.

"फोडून टाक," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी मला कळलं आपण काय बोललो.

"त्यो दर्यान हाय, मेताजी," जना म्हणाली. "त्यो दर्यान असतांना बांगडी फोडू?"

नवरा पाण्यावर असताना बांगडी ठेवायची नाही, कारण तो हात समुद्राला दिलेला. आणि नवरा पाण्यावर असताना ती फोडायचीही नाही, कारण बांगडी फोडतात ती नवरा गेल्यावर. ठेवता येत नव्हती, फोडता येत नव्हती, आणि साबणानं मनगट सुजून लाल झालं होतं.

मधुकर मागच्या दारात येऊन म्हणाला, "भावोजी, साधी काच आहे. लोक किती मागासलेले आहेत बघा."

"ती काच तू घरून आणलीस," मी म्हटलं.

चांगुणाबाई परत आल्या, पाटी उतरवली, जनाचा हात बघितला. त्या ओरडल्या नाहीत. हात हातात घेऊन मनगट दाबून बघितलं, जसा मासा ताजा आहे का बघतात. "कुनी बघितलं?" एवढंच विचारलं.

"गोमाबायनं," जना म्हणाली.

"मंग सगल्या गावानं," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि मुशीच्या माशाचं तेल आणायला आत गेल्या.

संध्याकाळ, धक्का

भरतीबरोबर होड्या आल्या. बायका पाट्या घेऊन धक्क्यावर जमल्या. एक एक होडी लागत गेली. काशिनाथची आली नाही. आलेल्यांपैकी कुणी त्याला दिवसभर पाहिलं नव्हतं, ते सगळे त्याच्या आधी निघून पुढे गेले होते.

जना सासूच्या मागे उभी होती. हात पदरात. गोमाबाई शेजारणीला म्हणाली, पण आवाज सगळ्या धक्क्यासाठी होता, "काय बाय, हल्ली सुना दर्याकरचं मागं घेतात. लय शानी पोर आनली चांगुनानं दिवाल्याशी."

दुसरी म्हणाली, "दर्यानं मागं दिलं, त्यानंबी काय तरी ठेवलं असल."

आता जनाचं काय पणाला लागलं होतं हे शहरात राहणाऱ्याला सांगावं लागेल. काशिनाथला काही झालं असतं तर ते दुःख होतंच. पण तो धडधाकट येऊनही उशिरा आला, त्याच्या जाळ्याला भोक पडलं, पुढच्या पावसाळ्यात त्याला ताप आला, तरी ती गोष्ट आयुष्यभर या पोरीच्या उजव्या हातावर लिहिली जाणार होती. वर्षाच्या आतली सून, माहेर खाडीपलीकडे, आणि अजून तिची बाजू घ्यायला मूलही नाही.

चांगुणाबाईंनी मधुकरला पुढे बोलावलं. "तू बोल. पोरीनं आपल्या मनानं घातल्या नाय, मी घालायला लावल्या, असं बोल. सगल्यांसमोर."

मधुकर बोलला. तो म्हणाला की आपण कलाकार आहोत, कलेत सत्याला वेगळा अर्थ असतो, आपला हेतू शुद्ध होता आणि विज्ञानाच्या युगात अशा गोष्टींचा फार विचार करू नये. आपण घालायला लावल्या, हे वाक्य त्यात कुठेही नव्हतं. एका कोळ्यानं शांतपणे विचारलं, "काय बोलला यो?" दुसरा म्हणाला, "होरी बुराली तर त्याला विचारू नका, असं बोलला."

मी असल्या जागी बोलणारा माणूस नाही. पण बोललो. म्हटलं, "काशिनाथ पाण्याबरोबर निघाला नाही, पाणी गेल्यावर निघाला. तुम्ही सगळ्यांनी बघितलं आहे. या माझ्या मेहुण्यानं त्याला चार वेळा परत ओढलं. बाहेरच्या चिखलावर होडी बसली असणार. दुपारच्या भरतीनं सुटली असेल तर जाळी ओढायला उशीर झाला, मग घरी यायला त्याला उद्या सकाळची भरती मिळेल. पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं, म्हणजे आज उजाडता जे पाणी इथे होतं ते उद्या जरा उशिरा येईल, त्याच्याबरोबर काशिनाथ येईल. यात जनाच्या हाताचा काही संबंध नाही. होडीला उशीर यानं केला आणि बांगड्याही यानंच घातल्या."

सकाळी ओरडलेला म्हातारा म्हणाला, "पान्याचं आमाला दिसतंय, मेताजी. आमी काय डोंगरावर राहतो?"

"मग तुम्हीच या बायकांना सांगा."

गोमाबाई म्हणाली, "पानी झालं. बांगड्यांचं काय?"

चांगुणाबाईंनी सुनेला दंडाला धरून घरी नेलं.

सकाळ

सकाळपर्यंत सासूनं तेल चोळून तीन बांगड्या अखंड काढल्या होत्या. चौथी निघत नव्हती. दोघी झोपलेल्या दिसत नव्हत्या. मधुकरनं चहा मागितला. कुणी दिला नाही, तेव्हा त्यानं माझ्यातला अर्धा घेतला.

ऊन पायऱ्यांवर आलं आणि पाण्याबरोबर शीड दिसलं. काशिनाथ उतरला तो हसतच. "होरी बसली चिखलावर," तो आईला सांगायला लागला. "दुपार तिथंच भाजलो. मंग भरती आली तवा जाल्यांकरं—" आणि मग त्याला धक्क्यावरची गर्दी दिसली, जी रोज नसते, आणि मग बायकोचा पदराखालचा हात.

चांगुणाबाईंनी चार वाक्यांत सांगितलं. मधुकरकडे बोट दाखवलं नाही, फक्त "पाव्हन्यानं" म्हणाल्या. काशिनाथनं केसांवरून हात फिरवला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. तो हसरा, थोडा आढ्यताखोर मुलगा पहिल्यांदाच काय करावं ते न कळून उभा होता, आणि सगळा गाव तो काय करतो ते बघत होता.

"हात दे," तो जनाला म्हणाला.

तिनं दिला. तो गुडघाभर पाण्यात उतरला, तिला पायरीवर बसवलं, खालून मूठभर मऊ चिखल काढला आणि तिच्या मनगटाला, तळव्याला, बोटांना लावला. तिची बोटं त्यानं जवळ दाबून धरली, जशी होडीची दोरी धरतात, आणि बांगडी हळूहळू फिरवली. जनानं डोळे मिटले होते. बांगडी अंगठ्याच्या गाठीवर अडकली, तिथे थोडा वेळ गेला, मग एकदम उतरली. अखंड.

"धर," त्यानं चारही बांगड्या तिच्या हातात दिल्या. ती पाण्यात उतरली आणि त्या सोडल्या. गोमाबाईनं हात जोडले. ती हात जोडते म्हटल्यावर बाकीच्यांनीही जोडले.

"आता फोटू," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्यान पोरीच्या दोनी हातान बांगड्या हायत. त्यो फोटू जगान फिरनार. त्योबी दे."

मधुकर म्हणाला, तो एकटा फोटो काढून देता येत नाही, फिल्मच्या एका गुंडाळीत बारा असतात. चांगुणाबाई म्हणाल्या, मग बारा दे. मधुकरनं थोडा विचार केला, घरात गेला आणि एक गुंडाळी आणून काशिनाथच्या हातावर ठेवली. दुःखी चेहऱ्यानं.

मी ती बघितली. फोटो काढून झालेल्या गुंडाळीची कागदी पट्टी जिभेनं ओली करून चिकटवतात. मधुकरनं आदल्या दुपारी आपल्या गुंडाळीची पट्टी तशी चाटून चिकटवलेली आणि ती गुंडाळी कोटाच्या डाव्या खिशात टाकलेली मी पाहिली होती. या गुंडाळीची पट्टी कोरी, कारखान्यातून आली तशी होती. चंदेरी वेष्टन त्यानं आत जाऊन नुकतंच फाडलं असणार. फसवणूक करतानाही त्यानं आळस केला होता, पट्टी चाटण्याचे कष्ट घेतले नाहीत.

"मधू," मी म्हटलं, "ही नव्हे. ती तुझ्या कोटाच्या डाव्या खिशात आहे."

तो मराठी सोडून इंग्रजीत म्हणाला, की तो माझ्या बायकोचा भाऊ आहे.

"म्हणून तर अजून हळू आवाजात सांगतोय," मी मराठीतच म्हटलं.

त्यानं दुसरी काढून दिली. काशिनाथनं पट्टी तोडली आणि कागद उलगडला. आतली फिल्म सुरळी होऊन बाहेर आली, उन्हात. मधुकरनं तोंड फिरवलं. जनानं मात्र पुढे होऊन तिचं एक टोक धरलं. ती पहिल्यांदाच आपण होऊन बोलली.

"यान मी कुठं हाय?"

मी सांगितलं की फोटो असा दिसत नाही, औषधात धुवावा लागतो, आणि आता ऊन लागल्यावर धुऊनही दिसणार नाही. तिनं ऐकून घेतलं. तरीही तिनं ती पट्टी दोन्ही हातांनी उन्हात ताणली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बघितली. सगळी पट्टी सारखीच फिकट करडी होती. मग तिनं ती बांगड्या सोडल्या तिथे पाण्यात सोडली. पट्टी बुडाली नाही. भरतीच्या पाण्यावर तरंगत धक्क्याला लागली, पुन्हा सुटली. चांगुणाबाईंनी तिला काठीनं दूर ढकललं.

परत

होडीत मधुकरनं मला सांगितलं, की मी त्याच्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो घालवला. सासू घरात नाही, उन्हाचा एक पट्टा ओसरीवर, आणि ती पोर दोन्ही हात समोर धरून स्वतःच्याच बांगड्यांकडे बघते आहे. "एकदाच ती कॅमेरा विसरली होती," तो म्हणाला. ते खरं असेल. घरी गेल्यावर पत्नी काय बोलेल याची मला कल्पना होती, आणि पुढे ती तसंच बोलली.

धक्क्यावरून बायका पाट्या घेऊन उरणच्या वाटेला लागत होत्या. चांगुणाबाई पुढे, मागे गोमाबाई, त्यांच्यामागे जना. रात्रीच्या मासळीनं भरलेली पाटी डोक्यावर जड असावी, कारण ती एका हातानं धरून चालली होती. उजव्या. तो हात खांद्यापर्यंत उघडा, उन्हात, वर उचललेला होता आणि मनगट लाल होतं. गोमाबाईनं मागे वळून तिला काहीतरी म्हटलं. दोघी हसल्या.

मधुकर किनाऱ्याकडे पाठ करून बसला होता. मोऱ्याला चहा बरा मिळतो का, असं तो मला विचारत होता.